वाळूची मूठ आणि सेन्सरचा आकडा : फाउंड्रीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा किंवा पदवी घेतलेल्या पुष्कळ मुलामुलींची पहिली नोकरी शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत, आणि त्यातही फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, सुरू होते. माझीही तशीच झाली. मी रुजू झालो त्या कारखान्यात कोळशावरची जुनी क्युपोला भट्टी जाऊन विजेवरची इंडक्शन भट्टी आलेली होती, स्पेक्ट्रोमीटर काही मिनिटांत कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस यांचे प्रमाण सांगत होता आणि सँड प्लांटच्या (साच्याची वाळू तयार करणाऱ्या विभागाच्या) मिक्सरवर आर्द्रता मोजणारा सेन्सर बसवलेला होता. हे सारे पाहून माझी अशी समजूत झाली की जुन्या मोल्डरच्या (साचा बनवणाऱ्या कामगाराच्या) हातकसबाचे दिवस आता सरले असून स्क्रीनवरचे आकडे अचूक वाचता येणे हेच पुढचे खरे काम आहे. ही समजूत मला महागात पडली, आणि नव्याने येणाऱ्यांनी ती सोबत आणू नये म्हणून हे लिहीत आहे.

ग्रीन सँड (ओल्या वाळूच्या) पद्धतीत वाळू, बेंटोनाइट ही चिकणमाती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण साच्यासाठी वापरतात. एकदा ओतकाम झाले की साचा फोडून तीच वाळू परत मिक्सरमध्ये आणतात. पाण्याचे प्रमाण साधारण ३ ते ४ टक्क्यांच्या आत ठेवावे लागते. ते कमी पडले तर साच्याच्या कडा ढासळून वाळूचे कण कास्टिंगमध्ये (ओतलेल्या वस्तूत) जातात आणि जास्त झाले तर वाफ अडकून ब्लोहोल (वायूमुळे होणारी छिद्रे) पडतात. माझ्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या शिफ्टमधले रिजेक्शन (दोषामुळे नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण) अचानक वाढले आणि त्यात हे दोन्ही दोष एकदम दिसू लागले. सेन्सरचा आलेख मात्र ३.४ टक्क्यांवर सरळ रेषेत चालला होता.

मोल्डिंगवर तीस वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ कामगारांना सगळे ‘मामा’ म्हणत. त्यांनी बेल्टवरची वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली आणि ढेकूळ बोटांनी मोडून मला दाखवले. ते म्हणाले, “साहेब, आकडा बरोबर असंल, पर वाळू तापलीया. कडा बघा कशा सुटत्यात.” मी त्यांच्यासमोर आलेख धरला आणि वाळूत काही दोष नाही असे सांगून भट्टीच्या नोंदी तपासायला निघून गेलो. माझ्या त्या एका वाक्यामुळे आमचे आठ दिवस वाया गेले, याची खंत मला आजही आहे.

आठ दिवसांनंतर तापमापक घेऊन मी मामांसोबत उभा राहिलो, तेव्हा संध्याकाळी परत येणारी वाळू ५० अंश सेल्सिअसच्या वर गेलेली आढळली. सेन्सर चुकीचे सांगत नव्हता, तो फक्त मिक्सरमधली आर्द्रता सांगत होता. गरम वाळूतले पाणी बेल्टवरून मोल्डिंग मशीनपर्यंत येईतो उडून जात होते. शिवाय वाळूतून निघालेली वाफ थंड पॅटर्नवर (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यावर) जमून वाळू तिथे चिकटत होती. मामांचा हात ज्या जागी वाळू तपासत होता, त्या जागी आम्ही कोणतेही उपकरण बसवलेलेच नव्हते. पण वाळू संध्याकाळीच का तापत होती? याचेही उत्तर मामांकडेच होते: जड जॉब (ओतायच्या वस्तू) सलग लागले की साधारण दोन तासांनी हा त्रास सुरू होतो. जड जॉबच्या बॉक्समध्ये (साच्याच्या चौकटीत) धातूच्या मानाने वाळू कमी असते, त्यामुळे ती अधिक तापते आणि थंड व्हायला वेळ न मिळता पुन्हा फेऱ्यात येते. पुस्तकात मी हे वाचले होते, तरी आमच्या रोजच्या उत्पादन-नियोजनाशी त्याचा संबंध आहे हे मला सुचले नव्हते.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. जड आणि हलके जॉब आलटून-पालटून लावले, दर अर्ध्या तासाला मोल्डिंगच्या टोकाशी वाळूचा नमुना घेऊन तपमान आणि आर्द्रता लिहायला सुरुवात केली आणि काही महिन्यांनी परतीच्या बेल्टवर तापमानाचा सेन्सर बसवून मिक्सरमधले पाणी त्याच्याशी जोडले. पहिल्या दोन गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च आला नाही, आणि रिजेक्शन नेहमीच्या पातळीवर येण्यास त्याच दोन पुरेशा ठरल्या. नावीन्य म्हटले की नवे यंत्र विकत घेणे असाच अर्थ आपल्याकडे घेतला जातो. माझ्या अनुभवात मात्र जुन्या यंत्राचा आकडा आणि जुन्या माणसाचे निरीक्षण यांची एकाच कागदावर गाठ पडली, तेव्हाच काही नवे घडले.

यावरून अनुभवी हात नेहमीच बरोबर असतो असे कोणी समजू नये. थंडीतल्या एका पहाटे दुसऱ्या एका मोल्डरने वाळू कोरडी वाटते म्हणून पाणी वाढवायला सांगितले, आणि मोजून पाहिले तर आर्द्रता आधीच ४ टक्क्यांच्या पुढे होती. तेव्हा आकड्याने आमचे नुकसान टाळले. म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की हात आणि आकडा यांच्यात फरक पडला की कोण चुकले हे ठरवण्याची घाई करू नका. दोघे कोणत्या जागी, कोणत्या वेळी आणि नेमके काय मोजत आहेत ते आधी शोधा.

सिम्युलेशनच्या बाबतीतही असेच घडते. संगणकावर ओतकामाचे चित्र काढून धातू शेवटी कुठे गोठेल आणि पोकळी कुठे पडेल हे आधीच कळते, त्यामुळे चाचणीचे बरेच साचे वाचतात. आम्ही एकदा अशा आराखड्याप्रमाणे रायझरची (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर पुरवणाऱ्या साठ्याची) जागा बदलली आणि पोकळी नाहीशी झाली, परंतु फेटलिंगच्या (कास्टिंग तोडून-घासून साफ करण्याच्या) कामगारांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की रायझर तोडताना कास्टिंगचाच टवका निघतो आणि ग्राइंडर तिथे पोहोचत नाही. रायझरच्या मानेशी ब्रेकर कोअर (रायझर नेमक्या जागी सहज तुटावा म्हणून मान बारीक करणारी चकती) बसवून तो प्रश्न सुटला. तेव्हापासून आराखडा पक्का होण्यापूर्वी पॅटर्नमेकर आणि फेटलिंगचा माणूस यांना स्क्रीनसमोर बसवण्याची पद्धत आम्ही पाडली, आणि माझ्या मते कोणत्याही सॉफ्टवेअरइतकीच ती मोलाची आहे.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो, आणि तो कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवला जात नाही. एका कारखान्यात शिफ्टनिहाय रिजेक्शनचा तक्ता भिंतीवर लागला आणि पाठोपाठ त्यावरून कामगारांना बोल लावणे सुरू झाले. महिन्याभरात आकडे सुंदर दिसू लागले, कारण खराब बॉक्सवर खडूने खूण करणे लोकांनी बंद केले होते आणि दोषी माल मशीन शॉपपर्यंत पोहोचू लागला होता. माहिती माणसाकडून येते तोवर ती त्याच्या विश्वासावर उभी असते. तुम्ही गोळा केलेला आकडा कोणाच्या पगारावर किंवा इभ्रतीवर उलटणार नाही याची हमी वरिष्ठांकडून आधी मिळवा, आणि ती मिळत नसेल तर निदान त्या नोंदीत नाव लिहू नका.

नोंदीच्या तक्त्याची भाषाही साधी हवी. आमचा इंग्रजीतला तक्ता रोज शिफ्ट संपताना एकदम भरला जाई. तो मराठीत आणि हिंदीत करून त्यात ‘हाताला कशी वाटली’ असा एक रकाना जोडल्यावर नोंदी वेळच्या वेळी होऊ लागल्या. आयटीआयमधून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आलेल्या एका मुलाने त्याच रकान्यावरून पावसाळ्यात नवी वाळू उघड्यावर भिजत असल्याचे पहिल्यांदा दाखवून दिले.

तुम्ही रुजू व्हाल तेव्हा पहिला महिना शक्य तितका ऑफिसबाहेर काढा. दोन्ही शिफ्टच्या बदलाच्या वेळी थांबा, कारण जाणारा माणूस येणाऱ्याला जे उभ्या उभ्या सांगतो ते कोणत्याही संगणकात नोंदलेले नसते. एक्सेल चांगले शिका, आलेख वाचायला शिका, कार्बन इक्विव्हॅलंट (या घटकांचा लोखंडावरचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा) काढताना कार्बनमध्ये सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा का मिळवतात ते समजून घ्या. आणि रोज सकाळी मोल्डिंगच्या टोकाशी जाऊन एखाद्या जुन्या मोल्डरच्या शेजारी वाळूची मूठ दाबा, त्यांना काय वाटले ते विचारा, स्वतःला काय वाटले ते ठरवा, मग सेन्सरचा आकडा पाहा आणि तिन्ही गोष्टी वहीत एकाच ओळीत वेळेसह लिहा. मला माझी मूठ आकड्याच्या जवळपास येऊ लागायला सात महिने लागले होते.