संस्थेचा छापील अहवाल: आधी फोटोओळी, मग बाकीचं

चिपळुणात मी डीटीपीचं काम करते. संस्थांचा मजकूर येतो तो अध्यक्षांच्या मनोगतापासून. मी तो बाजूला ठेवते आणि आधी फोटो मागते.

अहवाल लोक चाळतात. देणगीदार असो वा वाडीतले आजोबा, नजर आधी फोटोवर जाते, मग खालच्या ओळीवर, आणि पटलं तरच मजकुरावर. म्हणून फोटोओळी आधी लिहून घ्या. ‘महिला सक्षमीकरण उपक्रम’ ही काही फोटोओळ नव्हे. ‘कोकमाची सालं रसात बुडवून पुन्हा उन्हात घालताना गटातल्या बायका, गुहागर, मे महिना’ ही झाली. दीपप्रज्वलन आणि शाल-श्रीफळ मिळून एकच फोटो. पाहुणे रागावले तर खुशाल माझं नाव सांगा. मुलांचे चेहरे छापायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी हवी.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून. एरवी ते आक्रसतात. असा आक्रसलेला, समजा १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे छपाईत इंचाला ३०० ठिपके धरले तर) जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर भरतो, आणि ए४ पान २१ सेंटीमीटर रुंद असतं.

सेंटर पिनच्या, म्हणजे मधल्या घडीत पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत ठरवा. कोरे कागद दुमडून डमी करा, कुठे काय येणार ते पेन्सिलीने लिहा. मधलं जोडपान एकाच अखंड कागदाचं असतं, तिथे मोठा फोटो तुटत नाही. ती जागा ताळेबंदाला देऊ नका.

मजकूर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधून बदलून आलेल्या मजकुरात रफार आणि ऱ्य बिघडतात, आणि आपल्याकडे ‘किनाऱ्यावर’, ‘खाऱ्या पाण्यात’ पानोपानी असतं. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय लावली नाही तर जोडाक्षरं सुटी पडतात. मी मुक्ता फॉन्ट घेते, १२ पॉइंट, ओळींना १८ पॉइंट. त्याहून दाटीत वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरं नुसत्या काळ्या शाईत ठेवा. चार रंग एकावर एक छापून केलेल्या काळ्यात छपाई केसभर सरकली तरी अनुस्वार फुटतो.

आता पावसाचं. हिशेब मार्चअखेरचे, ऑडिट त्यानंतर, म्हणजे छपाई बहुतेकदा ऐन श्रावणात. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेलं कव्हर उघड्या बाजूने ओल पितं आणि पापडासारखं वळतं. त्यासाठी ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम) कार्ड घ्या, आणि कागदाची ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, घडीच्या दिशेने ठेवायला प्रेसवाल्याला बजावून सांगा. कव्हरभर गडद निळा समुद्र ओतायचा मोह होतो, पण दमट हवेत शाई लवकर वाळत नाही आणि वरच्या कागदाला लागते. आत १०० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा कागद बरा. चकचकीत आर्ट पेपरवर ट्यूबलाइट चमकते, वयस्कर माणसाला वाचवत नाही. मॅपलिथोवर फोटो थोडे मंद येतात. फारच वाटलं तर मधल्या चार पानांनाच आर्ट पेपर लावा.

गणपतीच्या आधी प्रेस पावतीपुस्तकांत आणि आरतीसंग्रहांत बुडालेली असते. फाइल त्याच्या बऱ्याच आधी द्या, नाहीतर सरळ विसर्जनानंतर.

प्रूफ मोबाइलवर बघून ‘ओके’ कळवू नका, कागदावर काढा. देणगीचा क्यूआर कोड त्या कागदावरूनच स्कॅन करून बघा. नोंदणी क्रमांक, देणगीवरच्या करसवलतीचा (८०जी) क्रमांक आणि बँक खात्याचं पान खजिनदारांना मोठ्याने वाचायला लावा, आणि तिथेच त्यांची सही घ्या.