जुन्या वस्तूंच्या दुकानांची मित्रांसोबत भटकंती

दिवसाला तीनच दुकानं ठरवा. लहान गावातली दुकानं अवेळी बंद असतात, म्हणून आदल्या दिवशी फोन कराच. निघण्यापूर्वी डिकीच्या तोंडाची रुंदी-उंची मोजून ठेवा. टेबल आत मावेल एवढी जागा असते, पण ते दारातच अडतं. सोबत मोजायची टेप, टॉर्च, लोहचुंबक, जुन्या चादरी आणि दोरी घ्या.

पितळी म्हणून दाखवलेल्या वस्तूला चुंबक चिकटला, तर आत लोखंड आहे. खुर्ची उलटी करून सांधे हलवून बघा. बारीक छिद्रांखाली पिठासारखा ताजा भुसा दिसला, तर कीड बहुधा जिवंत आहे. अशी वस्तू कितीही देखणी असो, गाडीत नकोच. चिनी मातीच्या वाडग्याला हलकी टिचकी मारा: बद्द आवाज म्हणजे बहुधा तडा. दोघांना एकच वस्तू आवडली तर कुणाची, हे निघतानाच ठरवा.