बिल्डचं काम वाट्याला आलं तर

नोकरीच्या पहिल्या वर्षात ‘तू बिल्ड बघ’, म्हणजे लिहिलेल्या कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवायचं काम सांभाळ, असं सांगितलं की बऱ्याच मुलामुलींचा चेहरा उतरतो. आता फीचर लिहायला मिळणार नाही, दुसऱ्यांच्या मेकफाइली (बिल्डच्या सूचना लिहिलेल्या फाइली) दुरुस्त करत बसावं लागणार, अशी धास्ती असते. मी अभियांत्रिकी गणिताच्या सॉफ्टवेअरवर काम करते. गाभा फोर्ट्रानमध्ये, वरचा थर सी प्लस प्लसमध्ये, वापरणाऱ्यांसाठी पायथन. आणि हे सगळं लिनक्सवरही चालायला हवं, विंडोजवरही. आपला कोड मशीनवर नेमका कसा पोहोचतो हे मला बिल्डच्या कामानेच शिकवलं, म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला कुठलंही बिल्ड टूल उघडू नका. दोन छोट्या फाइली लिहा, टर्मिनलवर हाताने कंपाइल करा, ऑब्जेक्ट फाइली (मशीनच्या भाषेतले सुटे तुकडे) बनतात त्या बघा आणि मग हातानेच लिंक करा, म्हणजे ते तुकडे जोडा. आधी लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने, नंतर विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने. त्यातल्या एका फाइलची शेअर्ड लायब्ररी (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी वेगळी फाइल; विंडोजवर तिला डीएलएल म्हणतात) करून बघा. लिनक्सवर जीसीसी सगळी फंक्शनं आपोआप बाहेर दिसू देतो. विंडोजवर मात्र डीएलएलमधलं काहीच बाहेर दिसत नाही, जोवर तुम्ही ‘हे एक्सपोर्ट कर’ असं स्पष्ट सांगत नाही. एकही फंक्शन एक्सपोर्ट केलं नसेल तर लिंकर डीएलएल बनवतो, पण तिच्याशी जोडायला लागणारी इम्पोर्ट लायब्ररी बनवतच नाही. मग पुढच्या पायरीला ‘लिब फाइल सापडत नाही’ असा एरर येतो आणि माणूस पाथ शोधत बसतो. पाथचा काही दोष नसतो. हे एकदा हाताने करून पाहिलं असलं की पुढे असा एरर दिसताच कारण लक्षात येतं.

बिल्ड टूल तुमच्यासाठी कंपायलरच्या आज्ञा लिहितं आणि कोणती आज्ञा आधी द्यायची ते ठरवतं. त्यात अडकलात की टूलला व्हर्बोज मोडमध्ये (सगळं सविस्तर दाखवत) चालवा आणि त्याने दिलेली खरी आज्ञा वाचा. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

थोडा इतिहास माहीत असला तर ही टूलं अशी का आहेत ते समजतं. मेक हे टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. त्यांचा एक सहकारी बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसला होता, कारण बदललेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. म्हणून मेक फाइलींच्या वेळा बघतो: मूळ फाइल नवी असेल तर पुन्हा बनवतो. कंपायलर कोणता, ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ती उणीव युनिक्सच्या जगात ऑटोटूल्स या टूलांच्या संचाने भरून काढली, पण तो संच युनिक्सच्या शेलवर (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) उभा असल्याने विंडोजवर त्याचा जीव रमत नाही. सीमेक या बिल्ड टूलची सुरुवात 2000 च्या सुमारास किटवेअर कंपनीत झाली, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या पैशातून उभ्या राहिलेल्या आयटीके या वैद्यकीय प्रतिमांच्या लायब्ररीसाठी. एकच वर्णन लिहायचं आणि त्यातून लिनक्सवर मेकफाइल, विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओचा प्रोजेक्ट तयार करायचा, ही त्याची मूळ कल्पना. निंजा, मेकसारखंच एक टूल, क्रोमियम या ब्राउझर प्रकल्पाच्या गरजेतून आला. त्याची फाइल माणसाने लिहायचीच नाही, सीमेक किंवा मेसॉन या दुसऱ्या टूलने लिहून द्यायची.

मग शिकायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: आधी सीमेक. त्याची भाषा सुंदर नाही, मेसॉन वाचायला कितीतरी सुखाचा आहे आणि ग्नोम, सिस्टिमडी, मेसा हे प्रकल्प तो वापरतातही. पण सी प्लस प्लसच्या नोकरीत सीमेक भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बझेल हे गूगलचं बिल्ड टूल तुमच्या कंपनीत असेल तेव्हा शिका, आधी नको.

सीमेक शिकताना मात्र जुन्या उत्तरांपासून सावध राहा. इंटरनेटवर अजूनही सगळ्या प्रोजेक्टला एकदम फ्लॅग (कंपायलरला द्यायच्या खास सूचना) लावणाऱ्या ओळी सापडतात. जीसीसीचा वॉर्निंगचा फ्लॅग असा सरसकट लावला की मायक्रोसॉफ्टचा कंपायलर तो ओळखत नाही किंवा त्याचा भलताच अर्थ लावतो. त्याऐवजी टार्गेटच्या, म्हणजे बनवायच्या एकेका लायब्ररीच्या किंवा प्रोग्रॅमच्या, भाषेत विचार करा. समजा तुमची सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारी) लायब्ररी आयगेन ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी वापरते. आयगेनचा उल्लेख फक्त आतल्या सोर्स फाइलीत असेल तर ते नातं प्रायव्हेट. तुमच्या हेडरमध्येच (इतरांनी आपल्या कोडमध्ये घ्यायच्या फाइलीत) आयगेनचा मॅट्रिक्स असेल, तर तो हेडर घेणाऱ्या प्रत्येकाला आयगेन लागणार, म्हणून पब्लिक. ही निवड डिझाइनचीच आहे, नुसत्या बिल्डची नाही. मुलाखतीत मी हे आवर्जून विचारते.

अनेक भाषा एकत्र आल्या की खरी मजा येते. फोर्ट्रानमध्ये ‘सॉल्व्ह’ नावाचं सबरूटीन लिहिलं, तर जीफोर्ट्रान ऑब्जेक्ट फाइलीत ते नाव लहान अक्षरात आणि शेवटी अंडरस्कोर लावून ठेवतो. विंडोजवरचा इंटेलचा कंपायलर तेच कॅपिटल अक्षरात, अंडरस्कोरशिवाय ठेवतो. सी प्लस प्लसचा कंपायलर तर नावात आर्ग्युमेंटचे प्रकारही कोंबतो. तीन ठिकाणी तीन नावं, आणि लिंकर म्हणतो ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. लिनक्सवर एनएम आणि विंडोजवर डंपबिन या कमांड चालवून ही नावं डोळ्यांनी बघा, अंदाज करू नका. नवा कोड असेल तर फोर्ट्रान 2003 मधलं बाइंड-सी वापरा आणि सी प्लस प्लसच्या बाजूला एक्स्टर्न-सी; दोन्हीकडे नाव एकच होतं. जुन्या कोडला हात लावता येत नसेल तर कंपायलरची पद्धत ओळखून योग्य नावं देणारं मॉड्यूल सीमेककडे तयार आहे.

फोर्ट्रानची दुसरी गंमत म्हणजे क्रम. एका फाइलमधलं मॉड्यूल दुसरीला लागत असेल तर पहिली आधी कंपाइल व्हायलाच हवी. हाताने लिहिलेल्या मेकफाइलीत हे राहून गेलं की समांतर बिल्ड कधी फसतो, कधी चालतो. ‘पुन्हा एकदा चालव, होतं’ असं कुणी सांगितलं की समजावं, कुठेतरी एक डिपेन्डन्सी (कुठल्या फाइलीला आधी कुठली लागते ते) लिहायची राहिली आहे. सीमेक फाइली वाचून हा क्रम स्वतः काढतो. निंजाला ती सोय 2020 च्या 1.10 आवृत्तीत मिळाली, आणि त्याच पायावर सीमेकच्या 3.28 ने सी प्लस प्लस 20 च्या मॉड्यूलना आधार दिला. फोर्ट्रानवाल्यांच्या जुन्या अडचणीचा सी प्लस प्लसवाल्यांना असा फायदा झाला, याचा मला मनापासून आनंद आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमचे फरक यादी करून पाठ होत नाहीत, पण दोन लगेच लक्षात ठेवा. 64 बिट लिनक्सवर लाँग 8 बाइटचा असतो, विंडोजवर 4 चाच. आकार महत्त्वाचा असेल तिथे लाँग लिहू नका. आणि विंडोजला फाइलीच्या नावातलं लहान-मोठं अक्षर सहसा सारखंच, लिनक्सला नाही. शिवाय व्हिज्युअल स्टुडिओत डीबग (चुका शोधायची आवृत्ती) की रिलीज (वापरायला द्यायची आवृत्ती) हे कॉन्फिगर करताना ठरत नाही, बिल्ड करताना सांगावं लागतं.

सरावासाठी सीमेकवर चालणारा एखादा मध्यम आकाराचा मुक्त प्रकल्प घ्या आणि त्याच्या तुमच्या प्रतीसाठी गिटहबच्या ॲक्शन्समध्ये (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या सेवेत) उबुंटू, विंडोज आणि मॅक अशा तिन्ही मशीनवर बिल्ड लावा. लाल दिसेल तिथला पहिला एरर वाचा, शेवटचा नाही. कारण सापडलं की छोटा पॅच (दुरुस्तीचा बदल) पाठवा. बिल्ड नीट करणारे पॅच फार कमी लोक पाठवतात, त्यामुळे सांभाळणारी मंडळी ते लक्ष देऊन वाचतात. आणि मुलाखतीत दाखवायला तुमच्याकडे प्रमाणपत्रापेक्षा भक्कम गोष्ट असते.