हिवाळ्यात गट घेऊन चालायचं तर आधी तिथी बघा

नोव्हेंबर लागला की आमच्या चालणाऱ्यांच्या मंडळात दर आठवड्याला एकच प्रश्न येतो: "रविवारी कुठे?" मी उलट विचारतो, रविवारी तिथी कोणती? रत्नागिरीच्या आसपास किनारा, सडा (कातळाचं उघडं पठार) की शहर, हे तिथीवरच ठरवावं. बूट, टोपी, पाण्याची बाटली यांबद्दल इथे काही लिहीत नाही, ते तुम्हाला कळतं.

माणसं. वीसच्या वर नकोत. पुढे वाट माहीत असलेला, शेवटी शिट्टीवाला, आणि शिट्टीवाल्याच्या मागे कुणी राहायचं नाही.

भरतीचं गणित. "सकाळी लवकर जा, किनारा मोकळा मिळतो," हा सल्ला जो तो देतो. मोकळा असतो तो माणसांपासून. पाण्याचं काय? हे गणित अंगवळणी पडायला मला बराच काळ लागला, म्हणून सावकाश सांगतो.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे रात्री तीनच्या सुमारास भरती आणि सव्वासहा तासांनी, नऊ-सव्वानऊला, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन सकाळी पाणी चढतं. त्यात उधाण. सुरूच्या बनापर्यंत लाटा आल्या की वीस जणांची रांग वाळूवरून नेणार कुठून? म्हणून सकाळच्या किनाऱ्यासाठी तृतीया ते षष्ठी धरा, पक्ष कुठलाही असो. पौर्णिमेलाच किनारा हवा असेल तर संध्याकाळी चारनंतर या, तेव्हा वाळू लांबवर उघडी पडते. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी फार चढत नाही, तसं फार उतरतही नाही.

हा हिशोब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा तासाभराची मोकळीक ठेवा. मोबाइलवरचा तक्ता बघत असाल तर तो रत्नागिरीचाच आहे ना, ते तपासा. मुंबईच्या आधी आपल्याकडे भरती येते. मुंबईच्या वेळेवर विसंबून निघालेला गट परतीच्या वाटेवर अडकतो.

आता खरी मेख. भरती सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात ढोबळमानाने बारावा हिस्सा पाणी येतं आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं. त्यामुळे "अजून कुठे चढलंय, जाऊ की पुढे" असं जो म्हणतो त्याचं अजिबात ऐकू नका. जाताना ज्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) मुखाशी घोटाही भिजला नव्हता, तिथे येताना पाणी मांडीला लागतं आणि खालची वाळू पाय धरून ठेवते. माझा नियम साधा आहे: पूर्ण ओहोटीच्या अर्धा तास आधी तोंड फिरवायचं. चतुर्थीला सातला निघालात तर साडेआठला परत. यात वादविवाद नाही, मतदान नाही.

खडकाळ टोकाला वळसा घालायचा असेल तर तिथे कालवं काढणाऱ्या बायका दिसतात का बघा. उकिडवं बसून, कोयतीच्या टोकाने ठोकून, कवच उघडून आतलं बोटाएवढं मांस भांड्यात टाकत असतात. "काकी, पाणी कधी फिरेल?" एवढं विचारा. त्यांनी भांडी उचलली की तुम्हीही निघायचं, हातातला फोटो अर्धा राहिला तरी. आणि त्या खडकांवर अनवाणी चालू नका. कालवांच्या कडा तळवा चिरतात.

पहिल्यांदा गट नेताय? भाट्ये किनाराच घ्या. पुलापासून झरी विनायकापर्यंत दीडेक किलोमीटर सरळ वाळू, बाजूला सुरूचं बन, कुठेही वर चढून रस्ता गाठता येतो.

तिथी जुळत नसेल तर शहर. थिबा पॅलेस, टिळकांचं जन्मघर, पतितपावन मंदिर, मांडवीची जेट्टी. उन्हाआधी आटोपतं.

किंवा सडा. कातळशिल्पांसाठी उक्षी गाव चांगलं, तिथल्या हत्तीच्या शिल्पाभोवती गडगा, म्हणजे दगडी कुंपण, बांधलाय. ही शिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. चित्रावर पाय देऊन फोटो काढणाऱ्याला पुढच्या वेळी बोलावू नका. सड्यावर सावली नाही आणि जानेवारीतही दुपारी पारा तिशी ओलांडतो, तेव्हा साडेदहाला खाली उतरा. उतरताना पाखाडीनेच, म्हणजे दगडी पायवाटेनेच, या. मोहोर आलेल्या कलमांतून आडवं घुसायचं नाही, बेडं (कुंपणाचं फाटक) उघडलंत तर लावून घ्यायचं.

न्याहारीला घावने हवे असतील तर माणसांचा आकडा आदल्या संध्याकाळी कळवा. वीस जणांचे घावने ऐन वेळी कुणी घालून देत नाही, आणि देऊ नयेत.