कच्च्या पपईच्या थाई सॅलडला पाणी सुटत असल्यास: माझा अनुभव

थायलंडच्या प्रवासात खाल्लेले कच्च्या पपईचे ‘सोम तम’ रत्नागिरीत घरी करताना पपईचा कीस काही मिनिटांतच मऊ पडून ताटलीत पाणी साचत असे. कीस मीठ लावून पिळला, तर कुरकुरीतपणा गेला. लिंबू कमी केले, तर चव गेली. एवढ्या साध्या पदार्थाने फारच वैताग आणला होता.

शेवटी जमले ते असे. हिरवीगार, आतून पांढरी असलेली पपई सोलून, चीक धुऊन तिचा लांब कीस काढावा, तो बर्फाच्या पाण्यात 15 मिनिटे ठेवावा आणि मग सुती पंच्यावर पसरून अगदी कोरडा करावा. हातात घेतल्यावर काड्या एकमेकींना चिकटता कामा नयेत. तोवर खलात लसूण व लवंगी मिरची ठेचून गूळ, लिंबाचा रस आणि फिश सॉस घालावा व गूळ पूर्ण विरघळू द्यावा. त्यात चवळीच्या शेंगांचे तुकडे व टोमॅटो हलकेच चेपावेत. कीस मात्र सर्वजण जेवायला बसल्यावरच घालावा, कारण फिश सॉसमधले मीठ आणि गूळ लागताच पपईतील पाणी बाहेर ओढले जाते. वरून भाजलेले शेंगदाणे आणि धुऊन, वाळवून, खरपूस भाजलेले सोडे घालावेत; तिकडच्या सुक्या कोळंबीच्या जागी आपले सोडे उत्तम लागतात.