‘हात कुठे ठेवू?’

“माझे फोटो चांगले येतच नाही जी, तुम्हीच पाहून घ्या.” खुर्चीत बसायच्या आधीच लोक मला हे सांगून टाकतात. पोर्ट्रेटचं काम नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना मला जे सांगायचंय ते या वाक्यापासूनच सुरू होतं. समोरचं माणूस अवघडलेलं असेल, तर त्याला मोकळं करणं हे आपलं काम आहे. लेन्स, लाइट, एडिटिंग सगळं त्याच्यानंतर. मला हे कळायला दोन-अडीच वर्षं लागली.

मी शिकले नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका गल्लीतल्या स्टुडिओत. पासपोर्ट फोटो, ॲडमिशनचे फोटो, स्थळासाठीचे फोटो, आणि जूनमध्ये तर दारापर्यंत रांग. “खांदे सरळ, हनुवटी वर, स्माइल” एवढंच बोलायचं आणि बटण दाबायचं. एकदा एक मुलगी बायोडाटाच्या फोटोसाठी आली. मी तिला पाच-सहा वेळा तरी “रिलॅक्स व्हा” म्हटलं असेल, आणि दर वेळी तिचे खांदे आणखी वर चढत गेले. दुसऱ्या दिवशी तिने पाकिटातून फोटो काढून पाहिला, परत आत सरकवला, काही न बोलता पैसे दिले आणि गेली. तिचं ते गप्प जाणं मला फार लागलं.

“रिलॅक्स व्हा” ऐकल्यावर माणसाला एवढंच समजतं की आपण अवघडलेले दिसतोय. “हसा” म्हटलं की ओठ ताणले जातात, डोळे मात्र तसेच राहतात. द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवलं होतं की मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आवळला जातो, आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. म्हणून मी आता हसायला सांगतच नाही, काहीतरी विचारते. आपल्याकडच्या माणसाला तान्ह्या पोळ्याचं, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याचं, विचारून पाहा. लाकडी बैल केवढा होता, कोणी सजवून दिला, बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी बक्षिसी, कोणाकडे जास्त मिळायचा. बँकेतून रिटायर झालेले काकाही सांगता सांगता फुलतात. तेव्हा कॅमेरा डोळ्याशीच असू द्या. सांगून झाल्यावर जो एक क्षण ते थांबतात, तो सोडू नका.

हातांचं मात्र आधी बघा. “हात कुठे ठेवू?” असं कोणी विचारलं तर समजा की त्याचं सगळं लक्ष तिथेच अडकलंय. “सैल सोडा” म्हटलं तर हात लाकडासारखे लोंबतात. हातांना काहीतरी काम द्या. चष्मा पुसायला द्या, बाही दुमडायला सांगा, चहाचा कप धरायला द्या. माणसाला उभं करून फोटो काढत असाल तर वजन मागच्या पायावर घ्यायला सांगा, त्याने कंबर आणि खांदे आपोआप सुटतात. “हनुवटी वर” हे तर विसरूनच जा, नाकपुड्या दिसतात. त्याऐवजी “कपाळ जरासं माझ्याकडे आणा” म्हणा. पापण्या सारख्या मिटत असतील तर डोळे मिटून हळू श्वास सोडायला सांगा आणि “उघडा” म्हटल्याबरोबर क्लिक करा. आणि कुणालाही हात लावून वळवू नका. स्वतः करून दाखवा. पदर, ओढणी नीट करायची असेल तर त्यांनाच सांगा.

“मी अशी दिसते का?” या प्रश्नाचं उत्तरही आपल्याकडे तयार हवं. माणूस स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे उलटं बघतो. फोटोत भांग दुसऱ्या बाजूला जातो आणि ओळखीचा चेहरा परका वाटतो. १९७७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात बहुतेकांना स्वतःचा आरशातल्यासारखा फोटो जास्त आवडला, त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. मी स्क्रीनवर फोटो उलटा करून दाखवते. “हा तुम्हाला आवडेल, पण तो सरळ आहे ना, तो तुमच्या घरच्यांना आवडेल.” दुसरी गोष्ट सेल्फीची. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा चेहऱ्याचा दोष नाही, अंतराचा आहे. दीड-दोन मीटर मागे जाऊन ८५ मिमीच्या लेन्सने काढलेला फोटो शेजारी ठेवला की लोक स्वतःच मान्य करतात.

आपल्या नागपूरच्या उन्हाचं काय करायचं हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना गाडीवरून आलेल्या माणसाला लगेच लाइटखाली बसवू नका. पाणी द्या, दहा मिनिटं कूलरसमोर बसू द्या. बाहेर फोटो काढायचे असतील तर उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत आटपा, नंतर डोळे बारीक होणारच. फुटाळा तलावावर संध्याकाळी गर्दी असते. बुजऱ्या माणसाला तिथे नेलं तर ते कॅमेऱ्याऐवजी बघणाऱ्यांकडेच बघत राहतं. अशांना मी कडुनिंबाच्या सावलीतली एखादी शांत गल्ली बरी समजते.

सोबत आलेल्या आईचंही सांगते. ती मागून “नीट हस, पाठ सरळ कर” म्हणत असते आणि मुलगी आक्रसत जाते. आईला बाहेर बसायला सांगू नका, तिला राग येतो आणि ते मुलीला कळतं. “काकू, जरा हे धरता का?” म्हणून थर्माकोलची पांढरी शीट तिच्या हातात द्या. उजेड परतून मुलीच्या चेहऱ्यावर पडतो आणि आईचं सगळं लक्ष शीटकडे लागतं.

आणि महिन्यातून एकदा स्वतः त्या खुर्चीत बसा. मी बसते. माझ्याकडे शिकायला येणारा मुलगा कॅमेरा घेतो. परवा तो बराच वेळ गप्प राहून सेटिंग बदलत बसला आणि तेवढ्यात माझी मान ताठ झाली. त्याला म्हटलं, “बोलत राहा बापू, गप्प राहिलास की मला वाटतं माझंच काही चुकतंय.” त्याने कॅमेरा खाली घेतला, टेबलावरचा माझा चष्मा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “ताई, हा पुसून द्या आधी.”