मिसफायरचा संशय असल्यास आधी कॉइलची अदलाबदल

हायब्रिड गाडीचे इंजिन वारंवार थरथरत असेल, तर नवे सुटे भाग घेण्याआधी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील बिघाड वाचणारे यंत्र) कोड पाहावा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे त्यात इंधन नीट न पेटणे.

१. गाडी पूर्ण बंद करून, इंजिन निवल्यावर दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या इग्निशन कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करावी. कॉइल उपसताना तिच्या रबरी नळीवर पाण्याचा ओघळ किंवा गंज दिसला, जे वडोदऱ्याच्या पावसाळ्यानंतर नवल नाही, तर निम्मे निदान तिथेच होते.

२. कोड पुसून गाडी शहराबाहेर हालोल रस्त्यावर चालवावी. शहराच्या गर्दीत इंजिन सलग चालतच नाही.

कोड पी०३०३ झाल्यास कॉइल सदोष. तोच राहिल्यास प्लग, मग इंधन फवारणारा इंजेक्टर तपासावा.

‘रेडी’ दिवा लागलेला असताना इंजिन आपोआप सुरू होते, म्हणून किल्ली दूर ठेवावी आणि उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या नारिंगी केबलींना मुळीच हात लावू नये.